तरोटा निजला का?

प्रिय मयुरी,

तू फोन उचलत नाही, मेसेज वाचून गप्प राहते, म्हणून हे पत्र. शुद्ध लिहायला बसली तर माझा राग निघायचा नाही. जशी बोलते तशीच लिहून राह्यली.

आईले लकव्याचा झटका आला, हे तुझ्या दादानं तुले कळवलंच आहे. जीभ अडखळते तिची. पंधरा दिवसांपासून दिवसभर एकच शब्द, तरोटा. मी वैतागून गेली, मयुरी! रोज सकाळी बांधावरचा चिखल तुडवते, कोवळे शेंडे खुडते, उकडून पिळून तुरीच्या डाळीत शिजवते, वरून लसणाची फोडणी. घास तोंडाशी नेला की आई मान फिरवते. ज्वारीच्या कण्या घालून पाहिल्या, नुसता परतून पाहिला. परवा तर तिनं वाटीच ढकलली. मी मागच्या दारी जाऊन रडली.

तू म्हणशील, एवढं काय त्या भाजीचं! दोन वर्षांपूर्वी जावईबापूंसमोर ताट सरकवून तू म्हणालीच होती, "याले तर ढोरंही तोंड लावत नाहीत." खरं आहे, नाही लावत. पण त्या दिवसापासून आईनं तरोटा घरात आणला नाही, अन् तूही माहेरी जानेफळले आली नाही. म्हणून मले वाटलं, तिले आता तीच भाजी आठवत असेल.

सांजेला आणखी वेगळाच ताप. दिवस मावळला की विचारते, "तरोटा निजला का?" त्याची पानं सांजेला मिटतात, हे मले ठाऊक. मी म्हणते, हाव आई, निजला. तरी तिची नजर दारावरून हलत नाही.

काल शेजारच्या राबियाचाची खबर घ्यायला आल्या. माझं रडगाणं ऐकून त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. म्हणाल्या, भाजी काय चारून राह्यली तिले? मयुरी लहानपणी दिवस मावळला की असेल तिथंच झोपून जायची, म्हणून तुझी सासू तिलेच तरोटा म्हणायची. शाळेतल्या पोरी चिडवायला लागल्या, तेव्हा बंद केलं. मी या घरात नंतर आली, मले काय माहीत! तुझ्या दादाले विचारलं तर म्हणतो, हो की, विसरलोच. पंधरा दिवस मी बांध तुडवला अन् हा विसरला.

आता भाजी बंद. आज सांजेला आई विचारेल, तेव्हा मी निजला म्हणणार नाही. येऊन राह्यला, म्हणून सांगीन. मले खोटी पाडू नको.

तुझीच वहिनी,
धम्मशीला