लोंबासुरावर मारुती

२ नोव्हेंबर, रविवार
आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायला नाही, स्वतःला शिस्त म्हणून.
नौपाड्यात मीटिंगला गेलेलो. आमच्या अद्भुतकथा ग्रुपमधली कृतिका (वय तिशीचं, आवाज हेडमास्तरांचा) दातांच्या दवाखान्यावरच्या दोन खोल्यांत म्युझियम काढतेय. राक्षस, जादूगार, उडते महाल यांची जुनी पुस्तकं, आणि ती जपणारी आपल्यासारखी माणसं, असा विषय. उद्घाटन १४ डिसेंबर. पुस्तकं काचेत ठेवायची की लोकांच्या हातात द्यायची यावर खूप वेळ भांडण. आंबिवलीचा सुशांत म्हणाला, देवादिकांचं काही ठेवायचं नाही, लोक दारात चपला काढतील आणि नारळ फोडतील. हे सगळ्यांना पटलं. नियमच केला.
मग मी हळूच सांगितलं की माझ्याकडे 'काजळकोटचा लोंबासुर' आहे. सगळे माझ्याकडे वळले. सुशांतकडेही आहे, पण त्याची प्रत फाटकी. कृतिका म्हणाली, दाराशी पहिलं कपाट तुमचं, काका. खाली पितळी पट्टी: संग्राहक, गोपीनाथ भोईर, मोहने.
आजवर माझं नाव फक्त लेटरबॉक्सवर आहे, तेही अर्धं पुसलेलं.
किती वेळा वाचलंय, असं तिने विचारलं. अकरा वेळा, असं तोंडातून गेलं.

५ नोव्हेंबर, बुधवार
संकल्प: रोज पाच पानं. उद्घाटनाला दोन शब्द बोलायचे आहेत. पान त्रेसष्टपर्यंत पुस्तक मला तोंडपाठ आहे. राजपुत्र सातवं दार उघडतो तिथे मी दर वेळी थांबतो. त्यात काही विशेष नाही. वाचणं हे वाचकांचं काम, संग्राहकाने जपायचं असतं.
सुमती म्हणते, अकरा वेळा वाचलेलं परत काय वाचता? बायकोला ही बातमी कुठून लागली कळत नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार, दुपार
दुकान बंद करून जेवायला आलो आणि हिंमत करून पान उलटलं. पुढे पूर्ण पानभर रंगीत चित्र. लोंबासुर. जीभ लाल, पार गुडघ्यापर्यंत, आणि जिभेला किल्ल्या लटकलेल्या. समोर राजपुत्र उभा आहे, पण हा त्याच्याकडे बघतच नाही. तो माझ्याकडे बघतो.
घाबरलो. इथे कोण वाचणार आहे, म्हणून लिहितो. पुस्तक मिटून कपाटात टाकलं आणि न जेवता दुकानात जाऊन बसलो. एका गिऱ्हाइकाने खोडरबर मागितलं, मी कंपासपेटी दिली.

१० नोव्हेंबर, सोमवार
ॲसिडिटी. झोप नाही.
कपाट पलंगाच्या पायथ्याशी आहे. दार आपोआप उघडतं. कडी सैल आहे, दुसरं काही नाही. तरी दाराला मिक्सरचा खोका आणि त्यावर तांदळाचा डबा लावून ठेवला. सुमतीने कारण विचारलं. म्हटलं, आवराआवर करतोय.

११ नोव्हेंबर, मंगळवार
उपाय सापडला. डोकं लागतं त्याला.
दुकानातल्या गेल्या वर्षीच्या कॅलेंडरवरचा मारुती कापून घेतला, पर्वत उचललेला. मापात बरोब्बर बसला. स्तोत्र म्हणत म्हणत लोंबासुरावर चिकटवला. वीस वर्षं स्टेशनरीचं दुकान आहे, चिकटवण्यातलं मला कुणी शिकवू नये. मुलांच्या गमच्या बाटलीवर विसंबलो नाही. लाकूड चिकटवायला सुतार नेतात तो डबा उघडला. अर्धवट काम आपल्याला जमत नाही. मारुतीच्या पायांखालून जिभेचं टोक बाहेर राहत होतं, त्यावर ब्राउन पेपरची पट्टी लावली. तोवर डबा बंद केलेला, म्हणून पट्टीला साधा गम.
मस्त झोप लागली.

१५ नोव्हेंबर, शनिवार
सकाळपासून ग्रुपवर कल्ला. सुशांतने कुठून कुठून चौकशी करून लिहिलंय की या पुस्तकात लोंबासुराचं एक रंगीत चित्र होतं, त्याच्या प्रतीतून ते कुणीतरी फाडून नेलंय आणि बाकी कुणाकडेही चित्रासकट प्रत नाही. (फाडणाऱ्याची बाजू मला समजते.) कृतिकाने विचारलं, काका, तुमच्यात आहे ना चित्र?
मी लिहिलं, आहे तर, एकदम कडक. आणि अंगठा.
खोटं काहीच नाही. आहेच ते, खाली आहे.
तासाभराने तिने जाहीर केलं: पहिल्या कपाटात पुस्तक त्याच पानावर उघडं ठेवणार.
जेवलो नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
घाबरायचं कारण नाही. वाफेने कागद सुटतो हे पोरांनाही ठाऊक आहे. सुमती बाजारात गेलेली असताना किटली ठेवली. अर्ध्या तासात शेपटीचं टोक सुटलं. जरा ओढलं तर शेपटी फाटायला लागली. लगेच थांबलो, कान पकडले. लोंबासुर एक वेळ परवडला, पण मारुतीचं शेपूट तोडलेला माणूस म्हणून जगायचं नाही मला.

२२ नोव्हेंबर, शनिवार
मारुतीच्या देवळात गेलो. भिवा गुरवाला विचारलं, एका मित्राने चुकून देवाचं चित्र भलत्या जागी चिकटवलंय, काढायचं कसं? त्याने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग म्हणाला, "बसवलेला देव असा उठवत नाहीत, गोपीशेठ." मित्राला सांगतो म्हटलं. तेल वाहिलं. अर्धं तेल शर्टावर.
म्हणजे आता तिघांची भीती. लोंबासुर, मारुती आणि कृतिका. पैकी कृतिका फोन करते.

२६ नोव्हेंबर, बुधवार
रविवारी ती पुस्तक न्यायला येतेय. पर्याय: वाळवी लागली म्हणायचं. चोरी झाली म्हणायचं. मावसभावाने नेलं म्हणायचं. मला मावसभाव नाही, पण ते तिला कुठे माहीत?
सुमती म्हणाली, खरं काय ते सांगून मोकळे व्हा ना. तिला काय कळलंय, किती कळलंय, विचारायची हिंमत झाली नाही. योग्य वेळी सांगतो म्हटलं.

३० नोव्हेंबर, रविवार
कृतिका आली. सोबत सुशांत, त्याला कुणी बोलावलेलं? मी शांतपणे सांगितलं की मौल्यवान चित्राला मी जादा संरक्षण दिलंय, आणि पान उघडलं.
सुशांत आधी चित्राकडे, मग माझ्याकडे बघून हसत सुटला. हसता हसता खाली लादीवर बसला. "काका, ती अकरा वाचनं मारुतीच्या आधीची की नंतरची?"
कृतिका हसली नाही. ती रडेल असं वाटलं, ते जास्त वाईट. पुस्तक मांडीवर घेऊन पान नुसतं चाचपत राहिली. मग म्हणाली, ठाण्यात जुने कागद दुरुस्त करणाऱ्या एक बाई आहेत, त्या देवाला न फाडता अलगद सोडवतील. आणि चित्र नीट निघालं तर पट्टी तुमचीच.
मला वाटतं एकंदरीत चांगलं झालं. चहा मात्र दोघांनीही अर्धाच घेतला.

७ डिसेंबर, रविवार
कृतिकाचा फोन. मारुती अखंड निघाला, शेपटीसकट. छातीवरचा धोंडा उतरला. लोंबासुराचं विचारलं तर म्हणाली, या तुम्ही उद्घाटनाला.
याचा अर्थ सरप्राइज असणार. नवा शर्ट इस्त्रीला टाकला. भाषणाची सुरुवात: 'भय म्हणजे काय, हे मला या पुस्तकाने कधी शिकवलं नाही.'

१४ डिसेंबर, रविवार
पहिलं कपाट. पुस्तक पान चौसष्टवर उघडं. पान कोरं. वरचा रंग सगळा निघून गेलेला, खरवडलेल्या भिंतीसारखा नुसता पांढरा चट्टा. फक्त खाली, जिथे साधा गम लावलेला, तिथे जिभेचं लाल टोक शिल्लक.
पितळी पट्टी नाही. एक कार्ड: 'वाचकाने भीतीपोटी झाकलेले चित्र.' बस. कृतिकाने मला बाजूला घेतलं, हळू आवाजात म्हणाली, "नाव मुद्दाम घातलं नाही, काका. उगाच तुमची चेष्टा नको." चांगल्या मनाने केलंय तिने. मी मात्र खिशातल्या भाषणाच्या कागदाची आणखी एक घडी घातली.
बाकी कपाटं सोडून गर्दी तिथेच. खालच्या दवाखान्यातून सुजला गाल धरून एक बाई वर आलेल्या. त्यांनी मलाच विचारलं, कोण हो एवढं घाबरलं असेल? म्हटलं, असेल कुणीतरी.
भाषण झालं नाही. कुणी बोलावलं नाही.
निघताना कृतिकाने एक पाकीट दिलं. म्हणाली, देवाचं काही ठेवायचं नाही असा नियम आहे, दुरुस्तीच्या बाईंनी दिलेलं पाकीट मी उघडलेलंही नाही, मारुती तुम्ही घरी न्या. रिक्षात पाकीट कपाळाला लावलं. घरी येऊन उघडलं. पुढे मारुती, पर्वतासकट. सहज उलटा केला.
मागे लोंबासुर. जिभेचं टोक सोडून अख्खा. सुतारांच्या डब्याने त्याला पानावरून उचलून मारुतीच्या पाठीवर बसवलाय. सगळं उलटं झालंय, राजपुत्र डावीकडचा उजवीकडे गेलाय. डोळे मात्र माझ्याकडेच.

१६ डिसेंबर, मंगळवार
फाडता येत नाही. विसर्जन करावं तर सुमती म्हणते, मंगळवारच्या दिवशी मारुती पाण्यात सोडणार? तिने फ्रेम करून आणली. पलंगावर, बरोब्बर माझ्या उशीच्या वर खिळा ठोकला. मारुती आमच्याकडे, तो भिंतीकडे.
फ्रेम सरळ करता करता ती म्हणाली, "अहो, एवढं काय त्यात? पुढच्याच पानावर तो रडायला लागतो. बिचारा एकटाच असतो ना, घाबरतो म्हणून दारं लावून बसलेला असतो." तुम्ही दुकानात असता तेव्हा दुपारचं वाचलं, म्हणाली. दोन वर्षं झाली.
मी फ्रेमचा खिळा हलवून बघितला. मग म्हटलं, माहीत आहे मला, अकरा वेळा वाचलंय.
पंखा बंद ठेवला आहे. फ्रेम हलायला नको.