सिसिलचा वाटा

७ जाने. १९७३, मरोळ
रोझीचं लग्न लेंटचे उपास लागायच्या आत उरकायचं ठरलं. आदल्या दिवशी विहिरीवरून वाजतगाजत पाणी आणायचं. पण आपल्या बोलीतली गाणी म्हणणार कोण? सिसिल असती तर प्रश्नच नव्हता. बायको गेली नि घरातली बोलीही गेली. लेक इंग्रजीत बोलते, मीही इंग्रजीतच उत्तर देतो. म्हणाली, "डॅडी, बँड आहे ना!"

१४ जाने.
बोरीवलीहून होडीने गोराई. सिसिलची थोरली बहीण नातालबाय. गावातल्या प्रत्येक लग्नात दोघी जोडीने गायच्या. ऑफिसातल्या नायरचा टेपरेकॉर्डर मागून नेला होता. बायने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
"मना एकटीला गाता येत नाय. एक ओल माजी, दुसरी तिची. तिची कोन घेल?"
मी घेतो म्हटलं. हसायला लागली. खरंच आहे, मी मडक्याचं घुमट वाजवणारा. गाणं बायकांचं.

१८ जाने.
गावठाणात चार घरी विचारून आलो. मागरेटला दमा. ज्युलियानाला सगळं येतं, पण सुनेसमोर लाजते. "हसतील रे पोरं." बाकीच्यांना अर्धंमुर्धं. सिसिल स्वयंपाक करताना गुणगुणायची, तेव्हा मी रेडिओ लावून... जाऊ दे.

२१ जाने.
रोझीला गोराईला नेलं. कुरकुरत आली. मावशीने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला, किती तरी वेळ सोडलाच नाही. मग म्हणाली, "बस. आयशीचा वाटा शिक." एक ओळ स्वतः म्हटली, पुढची रोझीला दिली. पोरीला अर्थ कळत नव्हता, पण आवाज... मला उठून बाहेर जावं लागलं. टेप लावायचं राहूनच गेलं.
परतताना होडीत रोझी चक्क मराठीत म्हणाली, "माझ्याशी मावशीसारखं का नाही बोललात तुम्ही कोणी?"
कॉन्व्हेंटात मागे पडेल म्हणून...

२८ जाने.
रोझी एकटीच जाऊन आली. मावशीला ताप, खोकला. तरी शिकवलं म्हणे.

३ फेब्रु.
लग्न पुढच्या रविवारी. गोराईहून निरोप: बाय अंथरुणातच, येईल असं सांगता येत नाही.
रोझी आत कांदा चिरतेय. गातेय. फक्त सिसिलच्या ओळी. मधे मावशीच्या ओळीपुरती थांबते, मग पुढची घेते.
मी घुमट काढलंय. धरून बसलोय नुसता.