डाव्या बाजूची सतार

१२ ऑक्टोबर, रविवार

सरोजने पुन्हा कोपऱ्याचा विषय काढला. हॉलमधला खिडकीजवळचा कोपरा तिला शिलाई मशीनसाठी हवा आहे. मशीन सध्या स्वयंपाकघरात, मोरीजवळ. उजेड नाही, आणि ब्लाउजना फोडणीचा वास येतो, असं भोंगवलीच्या एका बाईंनी तोंडावर सांगितलं म्हणे. तिचं सगळं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. मग समजावलं की त्या कोपऱ्यात माझा डावा स्पीकर आहे आणि तो हलवणं म्हणजे माणसाचा एक कान काढून दुसऱ्या खोलीत ठेवणं.

ती म्हणाली, कपाटांना कुठले आलेत कान. माझ्या स्पीकरना ती कपाटं म्हणते. कमरेइतके उंच आहेत, लाकडी आहेत, कबूल. पण एक्क्याऐंशी सालचे आहेत आणि विलायती आहेत. असे भोर तालुक्यात दुसरे नाहीत. वेल्ह्यातही नसावेत.

संकल्प: सरोजवर चिडायचं नाही. रोज एक तास डोळे मिटून श्रवण. नव्या स्पीकरवाल्यांना एकदा चारचौघांत धडा शिकवायचा.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार. वसुबारस

कॉलेजच्या ऑफिसातून लवकर निघालो. हेडक्लार्कला लवकर निघायला कोणाला विचारावं लागत नाही. (विचारलं होतं. पण लागत नाही.)

सतार-तबला जुगलबंदीची रेकॉर्ड लावली. ही रेकॉर्ड म्हणजे स्पीकरची खरी परीक्षा. सतार पूर्ण डावीकडे, तबला पूर्ण उजवीकडे, मधे मी. डोळे मिटले. सरोजची आकाशकंदील घेऊन स्टुलावर चढउतार चालू होती. घरात वायर नाही म्हणून सकाळपासून कुरकुर. मधेच तिने काहीतरी विचारलं. मी डोळे न उघडता हो म्हणालो. श्रवणात संसार आणायचा नाही हे माझं तत्त्व आहे.

रेकॉर्ड संपली तशी तिने झेंडूची फुलं आणायला बाजारात पिटाळलं. परत येतो तर गॅलरीत कंदील लागलेला. वायर मिळाली वाटतं. बाई हुशार आहे.

१९ ऑक्टोबर, रविवार

चमत्कार! तीच रेकॉर्ड, पण स्पीकर खुलले आहेत. जुन्या स्पीकरचं असंच असतं. वाजून वाजून एक दिवस ते मुरतात, लोणच्यासारखे. तबला तर समोर येऊन मांडी घालून बसलाय. आणि सतारीचा काय तो संयम! आधी ती फार पुढे पुढे करायची. आता इतकी मागे सरकली आहे की जवळजवळ ऐकूच येत नाही. खानदानी म्हणतात ते हेच.

सरोजला बोलावून ऐकवलं. ती म्हणाली, सतार कुठाय? मी म्हणालो, तबल्यात विरघळली आहे. ती चकल्या तळायला निघून गेली.

२ नोव्हेंबर, रविवार. तुळशीचं लग्न

सरोज म्हणते, आता आकाशकंदील उतरवा. उद्या उतरवतो.

आज 'भोर ध्वनिरसिक मंडळ' स्थापन केलं. म्हणजे व्हॉट्सॲप ग्रुप काढला. सभासद चार. मी अध्यक्ष. दुसरा, वरच्या मजल्यावरचा मंदार. हायवेवरच्या कंपनीत इंजिनिअर, नुकतेच नवे स्पीकर घेतलेत. काठीसारखे बारीक, त्यांना पोट म्हणून नाही. तिसरे आनंदराव, एसटीतून रिटायर झालेले. भोर डेपोत वर्षानुवर्षं गाड्या पुकारल्या. त्यांच्या मते गाडी कुठली आणि फलाट कुठला एवढं कळलं की आवाज उत्तम. चौथा वेल्ह्याचा हनुमंत, मांडव आणि साउंडवाला. त्याचं मत, सायेब, खिडकीची काच न्हाई हालली तर त्यो आवाज कसला?

मंडळाचा दर्जा वाढवण्याची जबाबदारी एकट्या माझ्यावर आहे.

७ डिसेंबर, रविवार

मंडळाची पहिली बैठक, आमच्याकडे. जुगलबंदी ऐकवली. आनंदराव तल्लीन झाले. थोडे घोरले. हनुमंत म्हणाला, तबलेवाला लई भारी हाय, पर दुसरा गडी रजेवर गेलाय का? हसून सोडून दिलं. मंदार मात्र उठला, डाव्या स्पीकरला कान लावला आणि विचारतो की काका, ह्यातून काही येतच नाहीये का?

त्याला प्रेमाने सांगितलं की येतं, पण ते ऐकायला कान तयार असावा लागतो. या पिढीला सगळं कानात ओतून हवं. तो स्पीकरच्या मागे वाकून बघायला लागला तेव्हा मात्र आवाज चढवला. माझ्या स्पीकरच्या मागे कोणी हात घालायचा नाही म्हणजे नाही. सरोज आतून ओरडून काहीतरी सांगत होती, पण मिक्सर चालू होता. तिचाच. असो.

मंदार जाताना म्हणाला, काका, तुम्ही म्हणताय तर असेल. पोरगा संस्कारी आहे.

कंदील राहिलाच. पुढच्या रविवारी नक्की.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

तिळगूळ हातात ठेवला आणि मंदार गोड बोलण्याऐवजी म्हणतो की काका, जुन्या स्पीकरमध्ये आवाज कमी आणि आठवणी जास्त असतात. तोंडात तिळगूळ होता म्हणून लगेच बोलता आलं नाही. चावून झाल्यावर आव्हान दिलं. २६ जानेवारीला, सुट्टीच्या दिवशी, डोळे बांधून परीक्षा. दोन्ही जोड्या पडद्याआड. एकच जुगलबंदी दोन्हींवर. मी कान लावून सांगणार की माझे कुठले.

सरोज हळदीकुंकवाची तयारी टाकून बाहेर आली. विचारलं, आणि नाही ओळखलं तर? मी मोठ्या मनाने म्हणालो, कोपरा तुझा. ती म्हणाली, असं नाही, चौघांत बोला. आनंदराव, हनुमंत दोघेही तिळगुळाला आले होतेच. चौघांत बोललो. आनंदराव म्हणाले, भोर-पुणे विनाथांबा. म्हणजे आता मधे उतरायचं नाही.

थोड्या वेळाने पाहिलं तर सरोज टेप घेऊन कोपरा मोजत होती. बिचारी. फार वाईट वाटलं. जिंकल्यावर तिला मोरीजवळ एक चांगला दिवा लावून देणार आहे. कंदील उतरवला की त्याची वायर मिळेल, तीच वापरता येईल.

२४ जानेवारी, शनिवार

जय्यत तयारी. रात्री कानात कोमट तेल. दही, केळी बंद. ऑफिसात कोणाशी मोठ्याने बोललो नाही, त्यांनाही बोलू दिलं नाही. दोन किलो पेढे सांगून ठेवले. वाचनालयात जाऊन विजयानंतरच्या व्याख्यानाबद्दल बोललो. विषय: 'कान कसा घडवावा'. ग्रंथपाल म्हणाल्या, बघू. म्हणजे हो.

सरोजने मशीनला तेल घातलं. तिचीही तयारी चालू आहे, गंमत वाटली.

२६ जानेवारी, सोमवार

झालं ते नोंदवून ठेवणं आवश्यक आहे. विकृत स्वरूपात पसरण्याआधी.

झेंडावंदन करून सगळे आमच्याकडे जमले. हनुमंतने टेम्पोतून लग्नाचा पडदा आणला, नाचऱ्या मोरांचा. मंदारने त्याचे स्पीकर आणि ॲम्प्लिफायर खाली आणले. माझ्या स्पीकरना हात लावू दिला नाही, जागच्या जागी ठेवले, त्याचे शेजारी उभे केले. गाणं दोन्हींवर मोबाईलवरूनच. माझ्या रेकॉर्डची खरखर ऐकून मी लगेच ओळखलं असतं आणि फुकटचा विजय मला नको होता. हनुमंत पडद्यामागे बटणं दाबायला. सरोजने माझ्या डोळ्यांवर टॉवेल बांधला. जरा घट्टच बांधला.

पहिली जोडी. नुसता तबला. तोही उजवीकडून. डावीकडे सामसूम. हात वर करून थांबवलं. म्हणालो, हे नवे. आवाज लंगडा आहे, एक हेडलाइट गेलेल्या एसटीसारखा. (आनंदरावांना कळावं म्हणून.) अख्खी सतार गिळून बसलेत. असे स्पीकर घरात ठेवणारा माणूस एक तर बहिरा असतो किंवा गर्विष्ठ. बराच वेळ बोललो. मंदारचा आवाज आला नाही. वरमला असं वाटलं.

दुसरी जोडी. आणि डावीकडून सतार आली. स्वच्छ, लखलखीत, तार न् तार मोजून घ्यावी अशी. अंगावर काटा आला. टॉवेल ओला झाला, खोटं कशाला लिहू. उभा राहिलो आणि म्हणालो, हे माझे! चाळीस वर्षं मुरल्याशिवाय अशी सतार निघत नाही!

टॉवेल सोडला. हनुमंतने पडदा सारला. दिवा मंदारच्या ॲम्प्लिफायरवर लागलेला होता.

कोणी हसलं नाही. त्याचंच जास्त लागलं. मग हनुमंत हसला, आणि त्याचं लागलंच.

मी लगेच सांगितलं की यात घातपात आहे. माझ्या डाव्या स्पीकरला कोणीतरी हात लावलाय. सरोज म्हणाली, अहो, कोणीतरी काय, मीच. त्याची वायर मी आकाशकंदिलाला लावली नाही का, वसुबारसेला? तुम्हाला विचारलं होतं, तुम्ही हो म्हणालात. म्हटलं, कंदील उतरवाल तेव्हा घ्याल परत लावून. तुम्ही उतरवलाच नाहीत.

मग लक्षात आलं की मी तर जिंकलोय! वायरच नाही, म्हणजे आवाज लंगडाच होता, आणि मी लंगडा म्हणूनच सांगितला. कानाने अचूक निदान केलं! तसं सर्वांना मुद्देसूद पटवून दिलं. हनुमंतने मान डोलावली. म्हणाला, व्हय की, सायबाचा कान बराबर हाय.

तेवढ्यात आनंदराव जागे होते असं कळलं. डेपोतल्या आवाजात त्यांनी विचारलं की वसुबारसेपासून डावा बंद, तर मग डिसेंबरात आम्हाला जी खानदानी सतार ऐकवलीत, ती कुठल्या फलाटावर लागली होती?

या प्रश्नाला उत्तर आहे. अजून सुचलेलं नाही.

मंदार एवढंच म्हणाला की काका, मला त्या दिवशी वाटलं होतं, पण तुम्ही म्हणालात ना, कान तयार लागतो. तेव्हापासून तो रोज कानाचा रियाझ करत होता म्हणे. हे त्याने न हसता सांगितलं, त्यामुळे मला कुठे बघावं ते कळेना.

पेढे सगळे संपले. हनुमंतने वाटेत खायला चार बांधून नेले.

२७ जानेवारी, मंगळवार

घसा बसल्यामुळे व्याख्यान रद्द केल्याचं कळवलं. ग्रंथपाल म्हणाल्या, कुठलं व्याख्यान? हनुमंतने ग्रुपचं नाव बदलून 'दुसरा गडी रजेवर' ठेवलंय. त्याला ॲडमिन कोणी केलं? मीच केलं होतं.

कोपऱ्याबद्दल फेरविचार मांडायचा म्हणून स्वयंपाकघरात गेलो. मुद्दे तयार होते: परीक्षा सदोष, वायर अपुरी, पंच झोपाळू. सरोज मशीनपाशी बसून सुईत दोरा ओवत होती. ओवला जाईना. सुई दिव्याकडे धरून बघायची, दोरा तोंडात ओला करायची, पुन्हा धरायची. दिवा तिच्या पाठीमागे होता. तिची स्वतःचीच सावली तिच्या हातावर पडत होती. कोपऱ्याचं तिने एका शब्दानेही काढलं नाही. मी दोरा ओवून द्यायला गेलो, मलाही जमलं नाही. तिथे खरंच काही दिसत नाही.

मुद्दे मांडले नाहीत. लाज वाटली.

कोपरा मी स्वखुशीने देत आहे. हरल्यामुळे नाही, याची नोंद असावी.

१ फेब्रुवारी, रविवार

मंदार आणि हनुमंत येऊन मशीन खिडकीपाशी लावून गेले. डावा स्पीकर तिथेच बाजूला आहे. त्यावर दोऱ्याची रिळं, कात्री, इस्त्री. सरोज म्हणते, उंची अगदी बेतशीर आहे, आता कपाट म्हणून शोभतो.

आकाशकंदील उतरवला. वायर सोडवून आणली. सरोजने ती गॅलरीच्या मापाने कापलेली निघाली. ॲम्प्लिफायरपासून डाव्या स्पीकरपर्यंत पोचत नाही. नवी आणायला पाहिजे. उद्या आणतो.

दुपारी सरोज शिवायला बसली. खिडकीतून ऊन थेट कापडावर पडलं होतं. पहिल्याच झटक्यात तिने दोरा ओवला. भोंगवलीच्या बाईंचा ब्लाउज आधी घेतला. मला म्हणाली, लावा तुमची ती तबल्याची रेकॉर्ड. एकच स्पीकर, पण लावली. डोळे मिटले. उजवीकडे तबला. डावीकडे मशीन. वसुबारसेनंतर पहिल्यांदा डावीकडून काहीतरी ऐकू आलं. ताल सोडून चाललं होतं, पण फार स्वच्छ होतं. आवाज मधोमध कसा जुळतोय ते ऐकत होतो आणि खरंच बरं वाटत होतं.

मधेच तिने काहीतरी विचारलं. या वेळी डोळे उघडले आणि काय म्हणून विचारलं.

ती म्हणाली, अहो, तो तबला जरा बारीक करता का? मला मशीन ऐकू येत नाही.

बारीक केला.