घाट चढलेला रेडिएटर

बाबा, परवा मी घाट चढून आले. गाडीत बसून, मांडीवर ओलं फडकं आणि पायाशी पाण्याचा कॅन घेऊन, तुम्ही जायचात तशी. तुमचा नियम अजून पाळते मी. "ज्यानां डाख दिल्यान, त्यानांच घाट चढाचो," असं तुम्ही ट्रकवाल्यांना ठणकावून सांगायचात आणि खरोखरच केबिनमध्ये चढून बसायचात. फुटलेला रेडिएटर डाख देऊन बंद केला, पाण्यात बुडवून तपासला, तरी फोंडाघाट चढून वर गेल्याशिवाय काम झालं असं तुम्ही म्हणायचा नाहीत. मग वरून मिळेल त्या गाडीनं खाली यायचात, आणि आईचं जेवण गार झालेलं असायचं. परवा माझं जेवण गार झालं.

दुकान तिथंच आहे, बाजाराच्या तोंडाला. पण काम बदललं. आता नव्या गाड्यांच्या रेडिएटरला वर-खाली प्लास्टिकच्या टाक्या असतात. त्यांना डाख लागत नाही, गळला की टाकायचा आणि नवा घालायचा. तेच करते मी बहुतेक दिवस. तांब्या-पितळेचं काम येतं ते एखाद्या जुन्या ट्रॅक्टरचं, नाहीतर भाताच्या गिरणीच्या इंजिनाचं. ते मी मन लावून करते, आणि गिऱ्हाईक सांध्यावरून बोट फिरवून म्हणतं, "बापाशीचो हात इलो हां तुका." काम माझं, पाठ तुमची थोपटतात. तुम्ही गेल्यापासून हेच चाललंय. राग येत नाही, अभिमानच वाटतो. पण सारखं ऐकलं की माणसाला वाटायला लागतं, आपण आहोत कोण मग, नुसता वारसाहक्क?

तर गेल्या आठवड्यात एका टेम्पोवर चढवून एक गाडी आली. तुम्ही पाहिली असतीत तर हातातली विडी विझली असती. दोनच माणसांची, उघडी, बसक्या नाकाची, गडद हिरवी स्पोर्ट्स कार. मालक वालावलचे. जन्म बोटीवर, इंजिनरूममध्ये काढलेला, आणि तरुणपणी कधीतरी हौसेनं ही विलायती गाडी घेतलेली. वय झालंय, पण गाडीतून उतरतात असे की जणू मागून टाळ्या वाजणार आहेत. नातीचं लग्न कोल्हापुरात, आणि तिचा हट्ट की वरात आजोबांच्याच गाडीतून निघायची. लग्न चार दिवसांवर, आणि गाडी घाटाच्या पायथ्यालाच वाफा सोडून बसलेली. पुण्याचा कोणीतरी त्यांना सांगत होता की हा रेडिएटर भंगारात द्या, मापाचा अ‍ॅल्युमिनियमचा करून देतो, पण त्याला महिना लागेल. महिनाभर थांबायला नवरी तयार नव्हती.

"तुझो बापूस आसतो तर माका चिंता नाय होती," म्हणाले. मी म्हटलं, बसा काका, आधी उघडून तर बघूया.

बाबा, वरची टाकी तापवून सोडवली आणि मला हसू आवरेना. आत पिवळाधमक चिखल, शिळ्या आमटीच्या बुडाशी बसतो तसा. "हळद खंयसून इली ही?" म्हणून विचारलं, तर लाजले. एका ट्रकवाल्यानं सांगितलं होतं, गळती लागली की चमचाभर हळद टाका, फट बुजते. "त्यानां चमचोभर सांगल्यान, मी वाटीभर घातलंय." आणि पाणी कुठलं? तर घरच्या बागेतल्या विहिरीचं. वालावलच्या खाडीकाठची विहीर, वैशाखात मचूळ होणारी! मी कपाळाला हात लावला. तर उलट मलाच म्हणतात, "माडांक चालता, मगे गाडीक काय धाड भरता?" सगळा जन्म समुद्रावर काढलेला माणूस, खारं पाणी इंजिनाचं काय करतं ते त्यांना मी सांगायचं! पण माड डोलतायत म्हणजे पाणी चांगलं, हे आपल्याकडे कोणाच्या डोक्यातून जाणार नाही.

मग मी परसात गेले आणि झाडाची आंबट बिंबलं काढायला लागले. आई ओटीवर बसली होती, तिनं लगेच ओळखलं. "झाला सुरू परत! माशाक घालूक तरी चार ठेव गो." तुम्ही झाड ओरबाडायचात तेव्हा ती हेच म्हणायची, त्याच सुरात. स्वयंपाकघरात तुम्ही पाट्यावर बिंबलं ठेचताय आणि तिला मसाला वाटायला पाटा हवाय, हे भांडण मला अजून दिसतं. तेजाबानं पितळ पटकन उजळतं, पण बिंबल्याच्या आंबटानं ते हळू आणि मऊ उजळतं, असं तुमचं म्हणणं. मी रात्रभर टाकी त्या रसात ठेवली. सकाळी पितळ असं निघालं की काका त्यात तोंड बघायला लागले.

चिखल काढला, नळ्या धुतल्या, टाकी परत जोडली, पाण्याची तोंडं बुजवून सगळं हौदात बुडवलं आणि पंपानं हवा भरली. तिथं खरी गोष्ट कळली. बुडबुडे सांध्यातून नव्हते, मधल्या नळ्यांतूनच येत होते. मिठानं नळ्या आतून खाल्ल्या होत्या. तुम्ही अशा वेळी काय करायचात ते मला पाठ आहे. खराब नळीची दोन्ही तोंडं डाख देऊन बंद करायची, "मुकी करायची." ट्रकचा रेडिएटर मोठा, एखाददुसरी नळी गेली तर त्याला फरक पडत नाही. पण ह्या गाडीचा रेडिएटर केवढासा, आणि मुक्या करायला निघाले असते तर मधलं सगळं अंगच मुकं झालं असतं. घाटात पहिल्याच चढावर पाणी उकळलं असतं, आणि त्या जुन्या इंजिनाचं डोकं, म्हणजे वरचं हेड, तापून वाकलं की ते मिळणार कुठं? वरात राहिली बाजूला, गाडीच कायमची गेली असती. तसं झालं असतं तर फोंड्यात माझ्याकडे पुन्हा कोणी तांब्याचं काम आणलं नसतं, आणि ते बरोबरच झालं असतं.

मी नळ्या बदलायच्या ठरवल्या. हे तुम्ही कधी केलं नाहीत, बाबा. तुम्ही गेल्यावर, दुकानात गिऱ्हाईक नसायचं तेव्हा, मागच्या भंगारातले रेडिएटर काढून मी हे शिकत बसायचे. तापवलेली पट्टी नळीत घालायची, आजूबाजूचा डाख पाघळला की नळी चिमट्यानं अलगद ओढायची, आणि तिच्या जागी दुसऱ्या रेडिएटरची चांगली नळी सरकवायची. किती रेडिएटर मी फुकट घालवले ते विचारू नका. आई म्हणायची, ह्या भंगाराचीसुद्धा हिनं दशा केली. गाडीत बसवायच्या रेडिएटरवर मात्र हे पहिल्यांदाच.

तुम्ही दिलेला सळा वापरला, तांब्याच्या टोकाचा. बारावी झाले तेव्हा लोकांच्या मुलींना घड्याळं मिळाली आणि मला डाख द्यायचा सळा. मूठ फणसाच्या लाकडाची, माझ्या हाताच्या मापानं तासलेली. तेव्हा मी फुगून बसले होते. पण त्या मापाचा अर्थ मला नंतर कळला: तुम्ही मला मदतनीस समजत नव्हतात, तुमच्यानंतरची समजत होतात. हे तोंडानं कधी म्हणाला नाहीत. तोंडानं म्हणायचात ते एवढंच, "फुंकर मारू नको गो! आपल्या आपण थंड होव दे." ते तर एकदा ट्रकवाल्यांच्या देखत एवढ्या मोठ्यानं ओरडलात की मी रडत घरी गेले. फुंकर मारलेला डाख वरून छान दिसतो आणि आतून तडकतो. ह्या वेळी काका माझ्या डोक्यावर उभे राहून, "झाला काय, झाला काय" करत होते, आणि शेवटी वाकून स्वतःच फुंकर मारायला गेले. मी ओरडले, बाबा. अगदी तशीच ओरडले. काका दोन पावलं मागे सरले आणि मग मुकाट्यानं बाकावर जाऊन बसले.

हौदात पुन्हा बुडवला तेव्हा पाणी गप्प. एक बुडबुडा नाही. गोडं पाणी भरलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही निघालो. गाडीत दोनच जागा, म्हणजे ते आणि मी. पहिली वळणं गाडीनं मजेत घेतली. मग पुढे आला उसाच्या मळीचा टँकर, रांगत चाललेला. ओलांडायला जागा नाही, नाकाला वारा नाही, आणि तापमानाचा काटा हळूहळू वर. काका म्हणाले, "गो, काटो बघ." मी काट्याकडे बघत नव्हते, मी वास घेत होते. गरम पाण्याचा वास, हळदीचा वास, काहीतरी येईल म्हणून. काटा तांबड्याच्या अलीकडे येऊन थांबला. तिथंच राहिला, एक वळण, दुसरं वळण. मग टँकरवाल्यानं बाजू दिली, काकांनी अशी गाडी सोडली की माझी ओढणी मागे उडाली, आणि काटा खाली आला. काका गात होते काहीतरी. मलाही गावंसं वाटलं, पण मला येत नाही.

घाटमाथ्यावर तुमच्या ओळखीचा चहावाला अजून आहे. मूळचा फोंड्याचा, तुम्ही वर आलात की ज्याच्याकडे चहा घ्यायचात तो. म्हातारा झालाय. काकांनी बॉनेट उघडलं तसा तोही वाकून बघायला आला. सगळं कोरडं. त्यानं रेडिएटरच्या सांध्याकडे बोट केलं आणि म्हणाला, "ह्यो हात वळखतंय मी. तुझ्या बापाशीचो."

"नाय ओ," मी म्हटलं. "ह्यो माझो."

त्यानं माझ्याकडे जरा बघितलं. मग सांध्याकडे पुन्हा बघितलं, आणि मान हलवून चहा आणायला गेला. काका पुढे कोल्हापूरला गेले, नात त्याच गाडीतून सासरी गेली, फोटो आलाय. मी वर थांबले, खाली येणारी गाडी मिळेपर्यंत.

हे पत्र पाठवायचं म्हटलं तरी कुठं पाठवणार, आणि सोय असती तरी ठेवूनच घेतलं असतं. कारण अशा पत्राच्या शेवटी लिहायला हवं की चहाचा कप हातात घेऊन त्या जागी उभी राहिले आणि तुमच्या आठवणीनं डोळे भरून आले. तसं झालं नाही. गाडी निघून गेली तरी मी मनातल्या मनात तो एकेक सांधा बघत होते. बाबा, तिथून खाली उतरेपर्यंत मला तुमची आठवणच आली नाही.