एकोणीस एकांची संख्या

प्रिय भिंगरी,

रागात लिहितो आहे. फोनवर तुझी आई मध्ये पडते आणि माझं म्हणणं शेवटाला जात नाही, म्हणून पत्र.

एकोणीस एक ओळीने लिहिले की जी संख्या होते, तिला निःशेष भागणारा आकडा, म्हणजे भाजक, मला सापडला, असं मी पाच महिने समजत होतो. गेल्या रविवारी चूक हाती लागली. भागाकाराच्या मधल्या एका वजाबाकीत त्रेसष्टच्या जागी छत्तीस उतरवले होते. नवाच्या ताळ्यात अंकांची बेरीजच बघतात, म्हणून अशी अदलाबदल त्यात सापडत नाही, आणि मी जन्मभर ताळा नवाचाच घेत आलो. अकराचा घेतला, तसं पितळ उघडं पडलं. तुला हे फोनवर सांगितलं. तू मात्र सहज म्हणालीस, "बाबा, मला माहीत होतं. तिला भाजक नाहीच. ती मूळ संख्या आहे, हे कधीच सिद्ध झालंय." कधीपासून माहीत होतं, ते विचारलं. मग हळूच, "चार वर्षं."

चार वर्षं! रोज सकाळी कारखान्याच्या भोंग्याआधी दीड तास मी अडतीसच्या पटीत एक मिळवून येणारे आकडे तपासत होतो. भाजक असलाच तर याच रांगेत असणार, हा नियम सातवीपर्यंतच शिकलेल्या मी माझा मीच शोधला. पुस्तकात तो नंतर भेटला. रांग संपवायला सातशे वर्षं लागतील, हेही मीच काढलं होतं. पण सतरा एकांच्या वेळी चौतीसच्या पटींच्या तशाच एका रांगेत, साठ हजार नऊशे तेहेतिसाव्या जागी २०७१७२३ भेटलाच होता की! तू सहावीत होतीस. जमिनीवर पालथी पडून, रद्द जॉबकार्डांच्या पाठीवर तू त्याला ५३६३२२२३५७ ने गुणलंस. उजवीकडून एकेक एक उतरत होता आणि नवव्या घरात दोन आला. चूक कुठे ते मी सांगितलं नाही, पण चूक आहे एवढं सांगितलं. तू रडलीस, मला दुष्ट म्हणालीस, आणि शोधून काढलीस.

आणि मी भाजक कळवला तेव्हा तू काय लिहिलंस? 'अभिनंदन बाबा', पुढे दोन उद्गारचिन्हं. मापं तपासणं हा माझा धंदा. केसाच्या दहाव्या भागाने जाड निघालेला दांडा मी परत पाठवतो, तेव्हा लेथवाल्याचं तोंड किती उतरलं ते बघत नाही. कारखान्यातल्या पोरांनी माझा भाजक आमच्या खात्याच्या फळ्यावर खडूने लिहून ठेवला होता. फिटर रोज चिडवायचा, "साहेब, एकांची फोड केलीत, आता आमच्या नटबोल्टांचीही करा." सोमवारी सगळ्यांसमोर मी तो आकडा फडक्याने पुसला. कुणी हसलं नाही. हसले असते तर परवडलं असतं.

"तुम्ही इतके खूश होता, कसं सांगू?" म्हणालीस. अगं, लहान मुलाशी खेळताना मोठी माणसं मुद्दाम हरतात, तशी तू माझ्याशी वागलीस. भाजक नाही हे तेव्हाच कळतं तर मी काही अंथरूण धरलं नसतं. एवढंच विचारलं असतं, कशावरून?

आता मुद्द्याचं. तुझा प्रबंध छापायला जायचा आहे आणि पहिल्या पानावरची ओळ तू मला विचारायला पाठवलीस: 'माझ्या पहिल्या गणितशिक्षकास, बाबांना.' उत्तर हवं आहे ना? ऐक. ज्याला त्याची चूक दयेपोटी सांगवत नाही, त्याला आपला शिक्षक म्हणू नये. छापखाना वीस तारखेपर्यंत थांबेल म्हणतेस. मध्ये दोन रविवार आहेत. ये, आणि ती संख्या मूळ कशी, ते पहिल्या पायरीपासून मला समजाव. अडलो तर अडलो म्हणेन. चुकलो तर तू तोंडावर चूक म्हणायचं, आईकडे बघायचं नाही. पुरतं समजलं तर ओळ राहू दे. नाही समजलं तर तू स्वतः खोड, माझ्यासमोर.

तुझाच, आणि अजून रागातच,
बाबा