सत्त्याऐंशी किलो

११ जानेवारी २०२४
एकशे बारा किलो! गाडी कांद्याच्या वखारीतल्या काट्यावर चढवली. वखारवाला गोरख म्हणतो, "जयवंतभाऊ, हा कुठल्या जातीचा कांदा, गरवा का हळवा?" हसून घेतलं.

पहिली गाडी उभी राहिली हे खरं. मूळची जुनी शंभर सीसीची टू-स्ट्रोक, भंगारातून उचललेली. चेनचं मागचं चक्र मोठं केलं, सायलेन्सर वर घेतला, टायर जाड नक्षीचे. कंपनीत टेस्टिंगला सत्तावीस वर्षं काढली. तिथं आम्ही हलक्या डोंगरी गाडीचे तीन नमुने केले होते. "मार्केट नाही" म्हणून तिन्ही गोदामात गेले. मार्केट नाही! मार्केट डिंभे धरणाच्या वर डोंगरात राहतं आणि पायी चालतं.

१४ जानेवारी
साधना येऊन गाडी बघून गेली. उपकेंद्रातली नर्स, स्वतः त्याच डोंगरातली. वरच्या वाडीचा साडेचार किलोमीटर चढ तिला पायी आहे. पावसात जीप खालीच थांबते. वाडीत कुणी पडलं-झडलं की निरोप खाली यायला दोन तास, हिला वर जायला दोन. तेवढ्यात माणूस हातचं जातं.

गाडीभोवती फिरली. म्हणाली, "चालवीन मी, भाऊ. पण आडवी झाली तर मला एकटीला उचलंल का? तिथं हाक मारायला माणूस न्हाई."

"बघ उचलून," म्हणालो. गुडघ्यापर्यंत आली, सुटली. बाई पंचेचाळीस किलोची.

शब्द दिला — मृगाच्या आत तुला उचलंल अशी गाडी देतो. आता नव्वदच्या आत आणायची. दुसरं काही नाही.

९ फेब्रुवारी
दुसरी. एकशे एक. साधनानं मांडीपर्यंत उचलली! पण वर घेतलेला सायलेन्सर तिच्या पोटरीला लागला, चांगला फोड आला. नर्सला मलम मी लावायला निघालो, तर हसली. सायलेन्सरला पत्र्याची जाळी बसवणं आलं. म्हणजे परत चारशे ग्रॅम वाढले!

१३ मार्च
तिसरी. चौऱ्याण्णव. चासी कापून पातळ नळी घातली. डिंभ्याच्या पुढच्या चढाला जोड तडकला. जोड माझाच, दोष कुणाला देऊ? कंपनीत असं झालं असतं तर मीच पोरांना झापलं असतं.

१५ मार्च
एक नवीन कळलं. चिखल झाला की साधना चपला पिशवीत टाकते, अनवाणी चालते; गाडीही तशीच चालवणार. वाडीतले सगळेच. आणि मी पाय ठेवायला दातेरी पट्ट्या दिल्यात, परदेशी फोटो बघून! शहाणाच मी. दाते घासले, वर ट्यूबचं रबर गुंडाळलं.

१४ एप्रिल
जयंती. शेड बंद. सकाळी विहारात वंदना. माझी बोटं चालूच. आक्का — माझी थोरली बहीण शकुबाई, शेड तिच्याच घरामागं आहे — कानात म्हणाली, "आजच्या दिवस तरी नटबोल्ट खाली ठेव!" संध्याकाळी मिरवणुकीत पोरांच्या गाड्या बघत होतो. एकही डोंगर चढायची नाही.

२ मे
सत्त्याऐंशी!!

चौथी. तडकली म्हणून चासीला परत जाड नळी घातली, वजन वाढलं. मग बॅटरी काढली, इंडिकेटर काढले, टाकी लहान. मागची सीट, मागच्या माणसाचे पाय ठेवायचे दांडे, सीटखालची चौकट — सगळं उतरवलं. साडेनऊ किलो त्या एकट्यातच गेले. गोरखनं काटा दोनदा तपासला.

साधना आली. अंगणात मुद्दाम आडवी पाडली गाडी. तिनं पाठ टेकवली, पाय रोवले, आणि उचलली! एकटीनं. मला भरून आलं, लपवलं नाही. तिनं गाडीच्या मागच्या बाजूला हात फिरवला जरा वेळ. "छान हाय, भाऊ," म्हणाली. आक्कानं शिरा केला.

२१ मे
आक्काच्या ओसरीवरून लिहितोय. पाय प्लास्टरमध्ये.

परवा चौथीची शेवटची टेस्ट. चढ एकदम झकास! वाडीत साधनाचं लसीकरण चालू होतं, तिला हात करून उतरायला लागलो. पहिल्याच वळणाला पुढचं चाक दगडात अडकलं. मी एकीकडं, गाडी एकीकडं. घोटा गेला, आवाजच आला. वाडीतल्या सोमाजीच्या शेताला लागूनच झालं. तो धावला, साधना आली, दोन लाकडं लावून पाय बांधला. गाडीला काही नाही, फक्त हँडल थोडं वाकडं.

मी म्हणालो, "चला सिस्टर, बसवा मला आणि न्या खाली."

तिनं गाडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "कुठं बसवू, भाऊ?"

मेलो असतो तर बरं झालं असतं असं वाटलं.

मग झोळी. सोमाजीची आई बायडाबाई घरातनं घोंगडी घेऊन आली, चौघांनी बांबूला बांधली, मला घातलं. अडीच तास. पुढं माझी गाडी, तिच्यावर साधना एकटी. मागं मी बोचक्यासारखा. सोमाजी बांबूखालून म्हणाला, "भाऊ, तुमी लई हलकं हाय. मागल्या साली बहिणीला असंच न्हेलं व्हतं. पोटुशी व्हती. निम्म्यात गेली." त्यानं खांदा बदलला.

२६ मे
साधना बघायला आली. तडक विचारलं — सीट नाही हे दोन तारखेलाच का नाही बोललीस?

"सांगायचं काय त्यात? पयल्या गाडीला सीट व्हती. वर जायला काय, मी पायी पण जाते. आजारी माणूस खाली कसं आणायचं, तोच तर घोर. मला वाटलं, वजन झालं की सीट परत बसवतील. आन तुमी एवढं खूश व्हता..."

सहा वेळा तिनं सांगितलं असतं तरी मी काटाच बघितला असता. माणूस आणायची गाडी, आणि मी माणसाचीच जागा कापली. लाज वाटते. झोप लागत नाही, आणि ती घोट्यामुळं नाही.

४ जून
पाचवी. मी खुर्चीत, हात शेजारच्या रामनाथ वेल्डरचे. लांब सीट, दांडे, जाड चौकट, मागच्याला धरायला कडी. टेस्टला मागं तांदळाचं पोतं बांधणार होतो. आक्का म्हणाली, "पोत्याला भीती वाटंल का? मी बसते." अडुसष्टाव्या वर्षी! साधना तिला घेऊन कॅनॉलच्या चढावरून फिरवून आली. आक्कानं मला तिथनं शिव्या दिल्या त्या इथं ऐकू आल्या. उतरल्यावर म्हणाली, "कडी अजून जाड पायजे." बरोबर आहे, केली.

६ जून
एकशे तीन किलो. साधनाकडून उचलली गेली नाही. तीनदा पाहिलं. कमरेच्या खालीच अडते. सीट काढली की उचलते, सीट ठेवली की उचलत नाही. दोन्ही जमत नाही. सगळं डोकं चालवून झालं. उद्या मृग, आणि दिलेला शब्द अर्धाच. तिला तसं तोंडावर सांगितलं.

"राहू द्या," म्हणाली. "नेते. पडणार न्हाई अशी चालवीन."

असं कुणी चालवतं का? पण नेली.

१८ जून
वर पाऊस चालू आहे. फोन नाही. सारखा रस्त्याकडं बघतो.

२७ जून
दुपारी साधनाचा फोन, घोडेगावच्या दवाखान्यातून. बायडाबाईला विळा लागला, डावा हात खोलवर चिरला. मागं बसवून पाऊण तासात खाली आणलं. सात टाके. वाटेत ओढ्यापाशी गाडी आडवी झालीच.

"मग उचलली कुणी?" मी ओरडलोच.

"दोघी नव्हतो का, भाऊ? माझे दोन हात, म्हातारीचा एक."