आंबेचं कापड

२ डिसेंबर

चि. साळुंकीस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. एवढी शिकलीस, पण अक्षर अजून कोंबडीच्या पायांचं. माझी शाळा तिसरीत सुटली, तरी माझी अक्षरं ओळीत उभी राहतात.

हरभरा फुलावर आलाय. हवा मात्र निवायचं नाव घेत नाही. पांघरूण पायाशी घेऊन झोपते, सकाळी ते घडीसकट तिथेच असतं. गेल्या साली आंब जेमतेम अर्धी बाटली निघाली, तेव्हा तू मला शब्दात अडकवलंस, की यंदा बाटली भरली नाही तर हरभरा बंद, मटकी पेरायची. मी हो म्हटलं. भूक लागली होती, नाहीतर म्हटलं नसतं.

तुझ्या खोलीतल्या मैत्रिणीला आंब ठाऊक नाही म्हणतेस. सांग तिला. संध्याकाळी हरभऱ्यावर धुतलेलं कापड अंथरायचं. दव पडतं, पानांवरचा आंबटपणा कापडात उतरतो. उजाडताना पिळायचं, निघेल ती आंब. परीक्षा आली की तुझं पोट दुखायचं, ते दुसऱ्या कशानं थांबलंय कधी? तुझा आजोबा होता तोवर कापडाचं दुसरं टोक तो धरायचा. तेवढाच त्याचा उपयोग. आता मी त्या टोकावर धोंडा ठेवते. धोंडा निदान बडबडत नाही.

परवा स्वप्नात सगळं रान पांढऱ्या कापडाखाली निजलं होतं. कुणीतरी खाली संथ श्वास घेत होतं, कापड वर-खाली होत होतं. म्हटलं, निजू दे.

लोभ आहे तेवढा पुरे, वाढवून ठेवायला घरात जागा नाही.

तुझी आजी

१५ डिसेंबर

ती. आजीस,

शि. सा. न. वि. वि. माझ्या अक्षराला कोंबडी म्हणालीस, तर ही कोंबडी दोन दाणे टाकते, टिपून घे.

आमच्या पीक संशोधन केंद्रात एक काचेची खोली आहे. तिच्यात आम्ही तीस वर्षांनंतरची हवा तयार करतो. दिवसा तापलेली, रात्रीही न निवणारी. आत हरभरा उभा आहे. फुलं येतात, पण उष्म्यानं पराग मरतो, घाटा धरत नाही. धरला तर पोचट. दव तिथे पडतच नाही. दुपारी मी खुर्चीतच पेंगते. काल स्वप्नात तू काचेचं दार ढकलून आत आलीस, पदरानं वारा घेतलास आणि म्हणालीस, की ही हवा तुझ्या ओळखीची आहे. जाग आली आणि मला तुझं पायाशी पडलेलं पांघरूण आठवलं. तीस वर्षं थांबायची त्या हवेची तयारी दिसत नाही.

आमच्या केंद्राच्या बाई म्हणतात, की मटकी असल्या हवेत तग धरते. जमिनीला बिलगून पसरते, आपल्याच सावलीत ओल राखते. तू चिडशील. पण वर्षाचं तुझं पोट त्या एका तुकड्यावर आहे. घाटे रिकामे निघाले तर तू मला कळवणार नाहीस, हे मला पक्कं ठाऊक आहे, म्हणून तर शब्द घेतला.

रागावलीस तरी लोभातून वजा करू नये.

तुझी साळुंकी

८ जानेवारी

चि. साळुंकीस,

आशीर्वाद. गाडीवाल्यापाशी बाटली दिली आहे. काठोकाठ भरली आहे, बघून घे. आता मटकीचं नाव काढायचं नाही. तुझ्या बाईंना नमस्कार सांग आणि म्हणावं, आपल्या सावलीत आपण बसा.

घाट्यांचं विचारू नकोस. दाणा भरायला वेळ लागतो.

तुझी आजी

१९ जानेवारी

ती. आजीस,

शि. सा. न. बाटली मिळाली. पोट दुखत नव्हतं, तरी दोन चमचे घेतले. डोळे मिटले की तुझं रान दिसेल असं वाटलं होतं. दिसलं मंडईतल्या भाजीवालीचं टोपलं. मग बाटली उजेडात धरली, तर तळाशी लिंबाची बी.

आजी, हरभऱ्याला लिंबं कधीपासून लागायला लागली?

कुणाला सांगितलं नाही. बी कुंडीत लावली आहे. शब्द मोडायचा तर खुशाल मोड, पण कापड किती ओलं झालं तेवढं खरं सांग. मला काचेच्या खोलीचं खरं कळतं, तुझ्या रानाचं कळत नाही.

वाट बघते. लोभ आंबट झाला तरी चालेल, पातळ नको.

तुझी साळुंकी

६ ऑक्टोबर

चि. साळुंकीस,

आशीर्वाद. एवढे महिने लिहिलं नाही, कारण तोंड वाकडं होतं. चाळणी शेजारीण घेऊन गेली होती, म्हणून बी राहिली. नाहीतर तुझ्या सात पिढ्यांना कळलं नसतं.

कापड कोरडं होतं. तीनदा अंथरलं, तिन्ही वेळा कोरडं. सकाळी हात फिरवला तर जसं काही दोरीवर वाळलेलं. घाटे दाबले की फट्‌ वाजायचे, आत वारा. अख्खं रान फुलून उभं आणि पदरात काही नाही. तुझ्या काचेच्या खोलीत मी रोजच हिंडत होते म्हण की.

मग मटकी पेरली. तुझ्या बाईंचं ऐकून नव्हे, मला हौस आली म्हणून. पसरली खरी. भर दुपारी तिच्या पानांखाली हात घातला तर माती गार. मी हात तिथेच ठेवला आणि बसल्या बसल्या डोळा लागला. समोर तुझा आजोबा, कापडाचं दुसरं टोक धरून. मी म्हटलं, की सोड, कोरडं आहे, पिळायला काही नाही. तो म्हणाला, की कोरडं असलं म्हणून काय झालं, घडी तर दोघांनीच घालायची असते. जागेपणी इतकं शहाणपणाचं तो कधी बोलला नाही.

मटकी उपटून खळ्यावर आणली आहे. कापड आता पिकावर नाही, पिकाखाली अंथरलंय, बडवताना दाणा मातीत जाऊ नये म्हणून. मोठं आहे, वाऱ्यानं उडतं, धोंड्याला दाद देत नाही.

सुट्टी काढ आणि ये. एक टोक मोकळं आहे.

बाकी लोभाचं आल्यावर बघू.

तुझी आजी

ता. क. लिंबाचं रोप जगलं असेल तर घेऊन ये.